सोळा डबे, चार कौल

नांदेडचे प्राध्यापक येणार नाहीत असा फोन आला तेव्हा मी वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्यांच्या पाठी ओल्या फडक्यानं पुसत होते. विज्ञान दिनाचं व्याख्यान, विषय एंट्रॉपी, पत्रिका वाटून झालेल्या, मानवतच्या बसस्टँडवर फलक लागलेला, आणि हातात चार दिवस. समितीची मंडळी टेबलाभोवती बसून एकेक नाव काढत होती आणि खोडत होती. परभणीचे एक लग्नाला गेलेले, सेलूच्या एकांचा घसा बसलेला. मी फडकं पिळता पिळता म्हणाले, मी बोलते.

पहिल्यांदा कुणालाच ऐकू आलं नाही. मोठ्यानं म्हणाले तेव्हा ऐकू आलं, पण पटलं नाही.

एकोणीस वर्षं मी या वाचनालयात पुस्तकं देते-घेते. दरवर्षी व्याख्यानमालेत पाण्याचे पेले मी ठेवते आणि शेवटी आभारही मीच मानते. दहावी झाली आणि लग्न झालं, त्यामुळे माझं पुढचं सगळं शिक्षण या कपाटांतून झालं. ते सुरू करून दिलं अण्णासाहेबांनी. अण्णासाहेब म्हणजे आमचे अध्यक्ष, चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. अर्ध्या मानवतनं त्यांची छडी खाल्लेली आहे आणि उरलेल्या अर्ध्यानं छडी खाल्लेल्यांशी लग्न केलेलं आहे. ही नोकरी त्यांनीच मला लावून दिली. पहिल्याच महिन्यात एक जाडजूड पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाले होते, वाच, नाही कळलं तर विचार. मी बारा वर्षं विचारत राहिले. गेली सात वर्षं माझं विचारणं कमी होत गेलं होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.

समितीनं त्यांच्याकडे पाहिलं. सर चष्मा पुसत म्हणाले, लिहून आण, मी बघतो.

दोन दिवसांत मी अकरा पानं लिहिली. सरांनी ती माझ्यासमोर वाचली, लाल पेन हातात धरून. पहिली लाल रेघ माझ्या स्वयंपाकघरावर पडली. मी लिहिलं होतं की माझ्या जावेकडे चोवीस स्टीलचे डबे एका ओळीत असतात, आरशासारखे लख्ख, आणि जिरं हवं असलं की ती पाच-सहा झाकणं उघडते. माझ्या ओट्यावर पिशव्या, बरण्या, तेलाचा कॅन असा सगळा बाजार असतो, पण जिरं मी डोळे मिटून काढते. आता पसारा कुणाकडे? समासात सरांनी लिहिलं, ‘अप्रस्तुत. एंट्रॉपी = अव्यवस्थेचे माप.’

दुसरी रेघ माझ्या आजोबांवर पडली. माझे आजोबा गुरव. राणीसावरगावच्या पलीकडे एका वस्तीवर मारुतीची पूजा त्यांच्याकडे होती आणि लोक तिथे कौल लावायला यायचे. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. देव एका वेळी एवढंच सांगतो, त्यामुळे सगळी अक्कल विचारणाऱ्याकडे लागते. बैल हरवला आणि भोवताली सोळा गावं असली, तर अडाणी माणूस एकेक गावाचं नाव घेत बसतो आणि फुलं सुकून जातात. आजोबा ओढ्याच्या अलीकडची आठ आणि पलीकडची आठ अशी वाटणी करायचे. मग आठाची चार, चाराची दोन, दोनाचं एक. चार कौलांत गाव सापडायचं. माझा देवावर विश्वास आहे का, हा प्रश्न इथे नाही, आणि बैल खरोखर मिळायचे का, तेही विचारू नका. चार हा आकडा मात्र खरा. सोळा सारख्याच शक्यता असल्या की चार हो-नाही लागतात, बत्तीस असल्या की पाच. मी लिहिलं होतं: जे आपल्याला माहीत नाही ते कळायला किती कौल लागतील, तो आकडा म्हणजे एंट्रॉपी. फोनवर पाठवलेल्या निरोपाची तीच आणि चहाच्या कपाचीही तीच.

“विज्ञान दिनाला कौल?” सर म्हणाले. “आणि दुसरं. ती निरोप मोजणाऱ्या तारायंत्रवाल्यांची एंट्रॉपी वेगळी, ही वाफेच्या इंजिनाची वेगळी. आडनाव एक म्हणून गोत्र एक होत नाही.”

मी म्हणाले, गोत्र एकच आहे, हेच तर माझं व्याख्यान आहे.

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग शांतपणे सांगितलं की वाचणं वेगळं आणि शिकणं वेगळं, वाचलेल्या माणसाला आपण कुठे अडणार ते कळत नाही. तुला बोलायचं तर बोल, पण मी अध्यक्ष म्हणून प्रश्न विचारणार, आणि अडलीस की तिथेच खाली बसायचं. उरलेला वेळ मी सांभाळून घेईन. मी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाही. सर त्याला होकार समजले.

घरी माणिकरावांना सांगितलं. माझे यजमान शेतावरून येऊन पाय धूत होते. त्यांनी ऐकून घेतलं, पायावर दुसरा तांब्या ओतला आणि म्हणाले, “तू बोल, बिनधास्त बोल. पण सरायला खाली बघायला लावू नको. त्यायनीच तुला या वाटंला लावलंय.”

“आणि मलाच खाली बसावं लागलं तर?”

“मंग मी उठून जाईन. मला ते बघवायचं न्हाई.”

एवढं प्रेमाचं बोलणं त्यांच्याकडून वर्षातून एकदा होतं, तेही पाय धुताना.

डबे बायनाबाईकडून आणले. तिच्या बचत गटाचा मसाल्याचा धंदा आहे, सोळा एकसारखे डबे गावात फक्त तिच्याकडे. डबे कशाला पाहिजेत हे तिनं तीनदा विचारून घेतलं आणि तिसऱ्यांदाही तिला पटलं नाही. “सोळा डबे आणि आत काहीच न्हाई,” ती म्हणाली, “लय भारी सैपाक करायलीस बाई. ने. पण झाकणं आदलाबदल झाली तर माझ्याशी गाठ हाय.” आणि व्याख्यानाला आली ती पहिल्या रांगेत बसली, झाकणांवर नजर ठेवून.

संध्याकाळी सहाला सभागृह भरलं. माणिकराव शेवटच्या रांगेत, दाराजवळ. उठून जायला सोपं पडावं म्हणून असेल.

मी स्वयंपाकघरापासूनच सुरुवात केली. लाल रेघेचं पान वर धरलं नाही, पण खालीही ठेवलं नाही. बायका हसल्या, पुरुष आपापल्या बायकांकडे बघून हसले, आणि माझ्या मागे मंचावर बसलेले सर हसले नाहीत, हे मला न बघता कळलं. मग मी कौल सांगितला, आणि टेबलावर मांडलेल्या सोळा डब्यांकडे बोट करून म्हणाले की कुणीतरी यावं, यातल्या एका डब्यात सुपारी टाकावी, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. चार प्रश्नांत सुपारी काढून देते.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सर म्हणाले, मी टाकतो.

मी भिंतीकडे वळले. मागे झाकणं उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते, एक, दोन, पाच, कितीतरी. सर मला आवाजावरून ओळखू देणार नव्हते. मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस मन लावून खेळतोय.

वळून विचारलं, सर, पहिल्या आठांत आहे का? सर म्हणाले, नाही. नववा ते बारावा? नाही. तेरावा-चौदावा? नाही. पंधराव्यात? नाही.

म्हणजे सोळाव्यात. मी सभागृहाला सांगितलं, चार झाले, आणि झोकात सोळावा डबा उघडला.

आत नुसता मेतकुटाचा वास होता.

सभागृहात हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं. लग्नात नवरदेवाची टोपी उडाली तर हसतात तसं. पण मी त्या टोपीच्या जागी होते. कानाच्या पाळ्या तापल्या. दाराजवळ माणिकरावांनी पायांत चपला घातलेल्या दिसल्या. सर हळूच म्हणाले, “बस आता, शिवकन्या. मी बघतो पुढचं.” आवाजात कीव होती, आणि तिनंच मला उभं ठेवलं. रागावले असते तर कदाचित बसले असते.

मी डब्याकडे पाहत राहिले. चारही वेळा ‘नाही’. सर खोटं बोलत नाहीत. चौतीस वर्षांत कुणी त्यांना खोटं बोलताना पाहिलेलं नाही. मग चारही ‘नाही’ खरे असले तर? आणि तेव्हा मला आजोबांचं खरं कसब आठवलं, जे मी अकरा पानांत कुठेच लिहिलं नव्हतं. ते गावांची वाटणी करायच्या आधी एक कौल लावायचे: बैल या सोळा गावांत आहे का? तो कौल मी लावला नाही. का नाही लावला? कारण सुपारी टाकणारे अण्णासाहेब होते. मानवतमध्ये अण्णासाहेबांच्या बाबतीत तो कौल कुणी लावत नाही.

मी माईक तोंडाजवळ घेतला. “सर, मला अजून एक प्रश्न विचारायचाय.”

“चार म्हणाली होतीस.”

“माझी मोजणी चुकली होती. सर, सुपारी तुमच्या खिशात आहे का? हो की नाही?”

हसू बंद झालं. अण्णासाहेबांना भर सभेत खिशाबद्दल विचारणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. शेवटच्या रांगेकडे मी बघितलंच नाही. माणिकरावांनी जे करू नको म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच मी करत होते.

सर म्हणाले, “हो.” कोटाच्या खिशातून सुपारी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. लाजले मात्र नाहीत. उलट वर्गात फळ्यापुढे उभे राहायचे तसे ताठ झाले. “मी हे मुद्दाम केलं. तुझ्या व्याख्येत खोट कुठे आहे ते लोकांना दिसावं म्हणून. तू सोळा जागा मोजल्यास, तुझी एंट्रॉपी चार. सतरा मोजल्यास तर वेगळी. म्हणजे ती विचारणाऱ्यावर ठरते. भौतिकशास्त्र विचारणाऱ्यावर ठरत नाही. इंजिनाला तू कोण हे माहीत नसतं.”

आता खरं सांगते, हा प्रश्न फार चांगला होता. सात वर्षांपूर्वी मीच तो त्यांना विचारायला हवा होता. तो माझा मलाच विचारून झाला होता, आणि त्यात माझी दोन वर्षं गेली होती.

मी बायनाबाईला विचारलं, लोकवन गव्हात दुसरा लोकवन गहू ओतला तर काय बिघडतं?

“काय बिघडायचंय? गहूच की.”

“आणि बन्सी गव्हात लोकवन पडला तर?”

बायनाबाई बसल्या जागी सावरून बसली. “मग सत्यानास हाय. कणीक भिजवताना हाताला कळतं. खाणाऱ्याला न्हाई कळत, करणारीला कळतं.”

मी सरांकडे वळले. म्हणाले, वायूंचंही असंच आहे. दोन वायू एकमेकांत मिसळले आणि त्यांच्यातला फरक कुणालाच ओळखता येत नसेल, तर एंट्रॉपी तसूभरही वाढत नाही. उद्या कुणाला फरक ओळखता आला, तर त्या दिवसापासून हिशेब बदलतो, आणि तो फरक ओळखणारा माणूस त्या मिसळण्यातून यंत्र चालवून काम काढू शकतो. न ओळखणारा काढू शकत नाही. “इंजिनाला मी कोण हे माहीत नसतं, सर, कबूल. पण बांधणाऱ्याला काय काय ओळखता येतं, यावर इंजिन किती काम करील ते ठरतं. म्हणून आधी सांगायचं की आपण काय ओळखतो, कोणत्या शक्यता मोजतो, आणि मग आकडा सांगायचा. मी सोळा मोजल्या, हे माझं चुकलं. व्याख्या चुकली नाही.”

कुणीतरी टाळी वाजवली, मग अवघडून थांबवली. सरांनी एक चिठ्ठी लिहून माझ्यापुढे सरकवली. ‘आटोपते घे.’ अक्षर नेहमीसारखं सुरेख होतं. मी चिठ्ठी वाचली, पाण्याच्या पेल्याखाली ठेवली आणि चहा मागवला.

अर्धा कप चहा टेबलावर ठेवून मी म्हणाले, यात किती कौल आहेत? यातला पाण्याचा प्रत्येक कण कुठे आहे आणि कसा धावतोय, हे सगळं विचारायचं ठरवलं तर चारावर पंचवीस शून्यं इतके कौल लागतील. विश्व संपेल, फुलं संपतील. पण गंमत अशी की तो आकडा काढायला एकही कौल लावावा लागत नाही. चूल आणि तापमापक पुरतात. अगदी गारठलेल्या, थिजलेल्या अवस्थेपासून चहा थोडा थोडा तापवत आणायचा, प्रत्येक वेळी दिलेली उष्णता त्या वेळच्या तापमानानं भागायची आणि बेरीज करत जायची. इंजिनवाल्यांनी एंट्रॉपी अशी मोजली. तारायंत्रवाल्यांनी कौल मोजून मोजली. एकानं पायलीनं मापलं, दुसऱ्यानं किलोनं, ज्वारी तीच. पायलीचे किलो किती, एवढंच माहीत हवं. ज्वारीचा तो दर दाण्यागणिक बदलतो. हा दर मात्र साऱ्या विश्वात एकच आहे आणि तो कधी बदलत नाही.

“आणि चहा निवतो तेव्हा?” मागून कुणीतरी विचारलं.

तेव्हा चहातले कौल कमी होतात, मी म्हणाले. कमी होतात, वाढत नाहीत. पुस्तकं वाचूनही लोक इथे चुकतात. पण खोलीतल्या हवेचे त्याहून जास्त वाढतात. एकूण आकडा वाढतो. अव्यवस्था म्हणाल तर या कपात मला ती कुठे दिसत नाही. चहा गरम होता तेव्हाही चहाच होता, आता गार आहे तरी चहाच आहे. बदललंय ते एवढंच, की आपल्याला काय काय माहीत नाही.

मी पान उलटत होते, तेवढ्यात सर पुन्हा उभे राहिले. या वेळी त्यांनी माईक घेतला नाही, आणि सभागृहासाठी बोलत आहेत असंही वाटलं नाही.

“उद्या आजपेक्षा कौल जास्त, आज कालपेक्षा जास्त. बरोबर? मग मागं मागं जा. अगदी पहिल्या दिवशी, विश्व सुरू झालं तेव्हा, ते फार थोडे असले पाहिजेत. इतके थोडे का होते?”

मागच्या वर्षी या प्रश्नावर मी चार पुस्तकं वाचली होती. चौघा लेखकांची चार मतं होती, आणि चौघेही शेवटच्या प्रकरणात हळू आवाजात बोलत होते.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

सरांनी खुर्चीकडे हात केला. दुष्टपणे नाही, वर्गात करायचे तसाच, सवयीनं. “मग आपलं काय ठरलं होतं?”

“तुमचं ठरलं होतं, सर. मी हो म्हणाले नव्हते.”

“अडलीस ना पण?”

“अडले. तुम्हाला माहीत आहे का उत्तर?”

मी वाट पाहिली. खरंच पाहिली, कारण त्यांना माहीत असतं तर मला हवं होतं. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं, आणि सर आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थ्यांसमोर खाली, स्वतःच्या हातांकडे बघत होते. मला ते आवडलं नाही. तरीही मी बोलले.

“कुणालाच धड माहीत नाही, सर. जे अडलेत ते सगळे बसले असते, तर हा विषयच उभा राहिला नसता. मी अडलेय आणि बसत नाही. माझी वीस मिनिटं राहिलीत.”

शेवटच्या रांगेत माणिकराव उठले. त्यांनी दार लोटून घेतलं, बाहेरच्या गाड्यांचा आवाज कमी झाला, आणि ते पुन्हा जागेवर येऊन बसले.

सर अजून उभेच होते. बसतील तेव्हा बसतील, म्हटलं. मी सभागृहाकडे वळले आणि फ्रिजच्या मागची जाळी गरम का असते, तिथून पुढे सांगायला लागले.